ऑलिंपिक भारोत्तोलनातील सर्वकालीन श्रेष्ठत्वाचा वाद

ऑलिंपिक भारोत्तोलनातील सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू कोण, हा क्रीडा-इतिहासातील जुना व अनिर्णित प्रश्न आहे. या चर्चेत प्रामुख्याने तुर्कस्तानचे नईम सुलेमानोग्लू व हलील मुतलू, ग्रीसचे पिरोस दिमास व काखी काखियाश्विली, सोव्हिएत संघाचे वासिली अलेक्सेयेव व युरिक वरदान्यान, अमेरिकेचे टॉमी कोनो आणि जॉर्जियाचे लाशा तालाखाद्झे यांची नावे घेतली जातात. सर्वाधिक कौल सुलेमानोग्लू यांच्या बाजूने पडत आला आहे. मात्र पदके, विक्रम, शरीराच्या तुलनेत उचललेले वजन आणि प्रत्यक्ष उचललेले वजन यांपैकी कोणता निकष स्वीकारावा यावर उत्तर बदलते. बहिष्कार, उत्तेजकांचे सेवन आणि वजनगटांची वारंवार झालेली फेररचना यांमुळे जुन्या-नव्या खेळाडूंची तुलना आणखी अवघड झाली आहे.

खेळाचे स्वरूप

आजच्या भारोत्तोलनात दोन प्रकार आहेत. ‘स्नॅच’मध्ये वजनाची दांडी जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यावी लागते. ‘क्लीन अँड जर्क’मध्ये ती आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर उचलली जाते. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून क्रमांक ठरतो. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत ‘प्रेस’ हा तिसरा प्रकारही होता. त्यात वजन खांद्यांवरून केवळ हातांच्या बळावर वर ढकलायचे असे. खेळाडू पाठ इतकी मागे झुकवू लागले की पंचांना निवाडा करणे कठीण होऊन बसले, आणि तो प्रकार वगळण्यात आला. १९७२पूर्वीची बेरीज तीन प्रकारांची व नंतरची दोन प्रकारांची असल्याने आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.

‘भारोत्तोलन’ या शब्दातील ‘उत्तोलन’ हे ‘तुल्’ या धातूपासून आलेले आहे. त्याच धातूपासून ‘तुला’ आणि ‘तोलणे’ हे शब्द आले. वर उचलणे आणि तोलून पाहणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे या वादाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

तोलण्याचे मोजमाप

श्रेष्ठत्व ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुवर्णपदके मोजणे. स्पर्धेच्याच दिवशी विजयमंचावर तीन वेळा ऑलिंपिक सुवर्णपदक स्वीकारण्याचा मान आजवर पाच भारोत्तोलकांना मिळाला आहे: सुलेमानोग्लू, दिमास, काखियाश्विली, मुतलू आणि तालाखाद्झे. कोणालाही चौथे सुवर्ण मिळालेले नाही. निकष एवढाच ठेवला तर वाद पाच जणांच्या बरोबरीवर थांबतो.

दुसरा मार्ग उचललेल्या वजनाचा. त्यात कौल सरळ अवजड गटाकडे जातो. तालाखाद्झे यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंद येथील जागतिक स्पर्धेत स्नॅचमध्ये २२५, क्लीन अँड जर्कमध्ये २६७ आणि एकूण ४९२ किलो उचलले. इतके वजन त्याआधी कोणीही अधिकृत स्पर्धेत उचललेले नव्हते.

तिसरा मार्ग शरीराच्या वजनाशी गुणोत्तर काढण्याचा. सुमारे १८० किलो वजनाच्या तालाखाद्झे यांनी आपल्या वजनाच्या जवळपास दीडपट भार क्लीन अँड जर्कमध्ये उचलला, तर ६० किलोंच्या सुलेमानोग्लू यांनी १९० किलो, म्हणजे तिपटीहून अधिक. मात्र हे गुणोत्तर निष्पक्ष नाही. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि शरीराचे वजन घनफळावर. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केले तर बळ सुमारे चौपट होते, वजन मात्र आठपट. त्यामुळे लहान चणीच्या खेळाडूचे गुणोत्तर नेहमीच मोठे दिसते. मुंगी आपल्या वजनाच्या कित्येक पट भार वाहते आणि हत्तीला ते जमत नाही, यामागे हेच कारण आहे.

यावर तोडगा म्हणून ‘सिंक्लेअर गुणांक’ वापरला जातो. कॅनडातील गणिताचे प्राध्यापक रॉय सिंक्लेअर यांच्या नावाने तो ओळखला जातो. विविध गटांतील जागतिक विक्रमांच्या आधारे प्रत्येक शरीरवजनासाठी एक गुणक काढतात आणि त्याने खेळाडूची बेरीज गुणतात. ‘हा खेळाडू अवजड गटात असता आणि त्याचे कौशल्य तेवढेच राहिले असते, तर त्याने किती उचलले असते?’ या प्रश्नाचे ते अंदाजी उत्तर असते. या पद्धतीने केलेल्या बहुतेक याद्यांत सुलेमानोग्लू यांची १९८८ची कामगिरी शिखरावर असते. ऑलिंपिक चक्रागणिक गुणक मात्र नव्याने काढले जातात. जुन्या कामगिरीला नवा गुणक लावावा की तिच्या काळचा, हा मतभेद त्यातही उरतोच.

नईम सुलेमानोग्लू

सुलेमानोग्लू यांचा जन्म २३ जानेवारी १९६७ रोजी बल्गेरियातील प्तिचार या गावी एका तुर्की कुटुंबात झाला. उंची अवघी १४७ सेंटिमीटर होती. सोळा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांनी प्रौढ गटातील जागतिक विक्रम मोडले. ते इवान अबाजियेव यांच्या तालमीत तयार झाले. या प्रशिक्षकांची पद्धत रोजच्या रोज कमाल वजन उचलण्याची होती आणि तिच्या कठोरपणाची चर्चा आजही होते.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत गटातील देशांनी बहिष्कार टाकल्याने सुलेमानोग्लू तेथे जाऊ शकले नाहीत. त्याच वर्षी बल्गेरियात झालेल्या पर्यायी स्पर्धेत त्यांनी ५६ किलो गटात लॉस एंजेलिसच्या सुवर्णविजेत्याहून अधिक वजन उचलले होते. त्यांची चर्चा तीन सुवर्णांवरून सुरू होते तेव्हा हे न मिळालेले चौथे विसरले जाऊ नये, असा त्यांच्या समर्थकांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे.

याच काळात बल्गेरियाच्या सरकारने तेथील तुर्की अल्पसंख्याकांची नावे सक्तीने बदलण्याची मोहीम हाती घेतली. नईम सुलेमानोव यांना ‘नौम शालामानोव’ हे नाव देण्यात आले. डिसेंबर १९८६ मध्ये मेलबर्न येथील विश्वचषक स्पर्धेच्या वेळी ते आपल्या संघापासून निसटले व तुर्कस्तानात आश्रयाला गेले. देश बदलणाऱ्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये लगेच उतरता येत नसे. त्यासाठी पूर्वीच्या देशाची संमती लागे. तुर्कस्तानने बल्गेरियाला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन ती मिळवल्याचे सांगितले जाते.

१९८८च्या सोल ऑलिंपिकमधील ६० किलो गटाची स्पर्धा हा या वादातील सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. सुलेमानोग्लू यांनी स्नॅचमध्ये १५२.५ व क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलून ३४२.५ किलोंची बेरीज केली. दुसरे आलेले बल्गेरियाचे स्तेफान तोपुरोव ३१२.५ किलोंवर थांबले. हे तोपुरोव सामान्य खेळाडू नव्हते. आपल्या वजनाच्या तिप्पट भार क्लीन अँड जर्कमध्ये उचलणारे ते जगातील पहिले पुरुष होते आणि ती कामगिरी त्यांनी १९८३ मध्ये केली होती. अशा खेळाडूवर ३० किलोंची आघाडी घेणे म्हणजे काय, हे दुसऱ्या एका आकड्यावरून कळते. त्याच ऑलिंपिकमध्ये वरच्या, ६७.५ किलो गटाचे सुवर्णपदक अखेरीस ३४० किलोंना मिळाले. म्हणजे अंतिम निकाल पाहता सुलेमानोग्लू आपल्याहून साडेसात किलो जड खेळाडूंच्या गटातही पहिले आले असते. सोलमधील त्यांचे तिन्ही विक्रम १९९३च्या प्रारंभी ६० किलो गट रद्द होईपर्यंत अबाधित राहिले.

१९९२ मध्ये बार्सिलोना येथे त्यांनी ३२० किलोंसह दुसरे सुवर्ण जिंकले. तिसरे मिळाले ते १९९६ मध्ये अटलांटा येथे, ६४ किलो गटात. तेथे ग्रीसचे वालेरिओस लेओनिदिस त्यांचे प्रतिस्पर्धी होते. स्नॅचमध्ये सुलेमानोग्लू १४७.५ आणि लेओनिदिस १४५ किलोंवर होते. क्लीन अँड जर्कमध्ये विक्रम एकामागून एक पडत गेले. दोघांनीही १८७.५ किलो उचलले. शेवटी लेओनिदिस यांनी १९० किलोंचा प्रयत्न केला, तो फसला आणि ३३५ विरुद्ध ३३२.५ असा निकाल लागला. सभागृहात तुर्की आणि ग्रीक प्रेक्षक समोरासमोर घोषणा देत होते. २०१७ मध्ये सुलेमानोग्लू यांचे निधन झाले तेव्हा अंत्यविधीला लेओनिदिस उपस्थित होते.

सिडनी येथे २००० मध्ये चौथ्या सुवर्णासाठी ते पुन्हा उतरले. १४५ किलोंचे स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले आणि त्यांचे नाव निकालपत्रात आलेच नाही.

दिमास आणि काखियाश्विली

पिरोस दिमास यांच्या बाजूचा युक्तिवाद वेगळ्या प्रकारचा आहे. त्यांचा जन्म १९७१ मध्ये अल्बानियातील हिमारा येथे, ग्रीक वंशाच्या कुटुंबात झाला. १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन सुवर्णपदके आणि २००४ मध्ये अथेन्स येथे मायदेशी प्रेक्षकांसमोर कांस्यपदक, अशी चार ऑलिंपिकमधील चार पदके त्यांच्या नावावर आहेत. पदकांची एकूण संख्या हा निकष धरला तर ते वरील पाच जणांत सर्वांच्या पुढे आहेत.

त्यांच्या विजयांतील अंतर मात्र सुलेमानोग्लू यांच्यासारखे नव्हते. बार्सिलोनात तीन खेळाडूंची बेरीज ३७० किलो अशी सारखीच होती आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण दिमास यांना मिळाले. सिडनीतही तेच घडले. दिमास, जर्मनीचे मार्क हुस्टर आणि जॉर्जियाचे ग्योर्गी असानिद्झे या तिघांनी ३९० किलो उचलले आणि शरीराने सर्वांत हलके असल्याने दिमास जिंकले. (बरोबरी झाल्यास हलक्या खेळाडूला विजयी ठरवण्याचा हा नियम २०१६नंतर बदलला, आता जो आधी उचलतो तो पुढे राहतो.) टीकाकार या निकालांना दैवयोग म्हणतात. परंतु नेमके किती वजन उचलले म्हणजे पुरे, हे ओळखून तेवढेच उचलणे हाही या खेळातील कौशल्याचाच भाग आहे. प्रतिस्पर्ध्याचे वजन ठाऊक असताना आपली दांडी किती किलोंची सांगायची, हा निर्णय बुद्धिबळातील चालीसारखा असतो. शिवाय अटलांटात दिमास यांनी ३९२.५ किलोंचा जागतिक विक्रम करून निर्विवाद विजय मिळवला होता.

अथेन्समधील शेवटच्या प्रयत्नानंतर दिमास यांनी पायांतील बूट काढून मंचावर ठेवले आणि ते निघून गेले. निवृत्ती जाहीर करण्याची ही रीत कुस्तीगिरांत रूढ आहे.

काखियाश्विली यांचे नाव या वादात त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी घेतले जाते. १९९२ मध्ये त्यांनी पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाकडून, तर १९९६ व २००० मध्ये ग्रीसकडून सुवर्ण जिंकले. तिन्ही सुवर्णे वेगवेगळ्या वजनगटांत होती: ९०, ९९ आणि ९४ किलो.

अवजड गटाचा दावा

सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने जगातील सर्वांत बलवान माणूस म्हणजे ज्याने सर्वांत जास्त वजन उचलले तो. वासिली अलेक्सेयेव यांची कीर्ती याच समजुतीवर उभी राहिली. १९७० मध्ये तीन प्रकार मिळून ६०० किलोंचा टप्पा ओलांडणारे ते पहिले भारोत्तोलक ठरले. १९७२ आणि १९७६ची ऑलिंपिक सुवर्णपदके, सलग आठ जागतिक विजेतेपदे आणि ऐंशी जागतिक विक्रम हा त्यांचा लेखाजोखा आहे. विक्रमांची ही संख्या डोळे दिपवणारी असली तरी ती जपून वाचावी लागते. अलेक्सेयेव अनेकदा आधीचा विक्रम अर्ध्या किलोने मोडत. प्रत्येक विक्रमामागे बक्षीस मिळत असल्याने ते घाई करत नसत, असे म्हटले जाते. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्नॅचचा एकही प्रयत्न यशस्वी न होता त्यांची कारकीर्द संपली.

तालाखाद्झे यांनी रिओ (४७३ किलो), तोक्यो (४८८ किलो) आणि पॅरिस (४७० किलो) येथे सलग तीन सुवर्णपदके मिळवली. अवजड गटात असे पूर्वी कोणालाही साधले नव्हते. आपल्या काळातील प्रतिस्पर्ध्यांवरील वर्चस्व हा निकष धरल्यास सुलेमानोग्लू यांच्या तोडीचा दावा त्यांचाच ठरतो. त्यांच्याविरुद्ध जाणारी बाब पुढील एका विभागात आली आहे.

कोनो आणि वरदान्यान

टॉमी कोनो यांचे नाव आजच्या पिढीला फारसे परिचित नाही. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या जपानी वंशाच्या मुलाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह टूल लेक येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. दम्याने ग्रासलेल्या कोनोंनी वजने उचलायला सुरुवात केली ती त्या छावणीत. पुढे त्याच देशासाठी त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ६७.५ किलो गटात आणि १९५६ मध्ये मेलबर्न येथे ८२.५ किलो गटात सुवर्ण, तर १९६० मध्ये रोम येथे ७५ किलो गटात रौप्यपदक जिंकले. चार वेगवेगळ्या वजनगटांत जागतिक विक्रम करण्याची त्यांची कामगिरी अनन्यसाधारण आहे. संघाला ज्या गटात गरज असेल त्याप्रमाणे ते वजन वाढवत वा घटवत. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने २००५ मध्ये त्यांना शतकातील श्रेष्ठ भारोत्तोलक म्हणून गौरवले.

आर्मेनियाचे युरिक वरदान्यान यांच्या नावावर एकच ऑलिंपिक सुवर्ण आहे. तरीही १९८०चा मॉस्कोतील तो दिवस अभ्यासक विसरत नाहीत. ८२.५ किलो गटात त्यांनी ४०० किलो उचलले. त्याच स्पर्धेत ९० किलो गटाचा विजेता ३७७.५ आणि १०० किलो गटाचा विजेता ३९५ किलोंवर होता. स्वतःच्या गटासह वरच्या दोन गटांच्या विजेत्यांना मागे टाकणारी ही कामगिरी सुलेमानोग्लू यांच्या सोलमधील पराक्रमाच्या शेजारी ठेवण्याजोगी आहे. १९८४ मध्ये त्यांनी ४०५ किलोंचा विक्रम केला, पण बहिष्कारामुळे तो ऑलिंपिकच्या मंचावर होऊ शकला नाही. पदके मोजणाऱ्या याद्यांत वरदान्यान सापडतच नाहीत, आणि त्या याद्यांचा हा मोठा दोष आहे.

उत्तेजके आणि बदललेले निकाल

भारोत्तोलनातील कोणत्याही श्रेष्ठत्वाच्या चर्चेवर उत्तेजकांचे सावट आहे. सोल येथे दोन बल्गेरियन सुवर्णविजेत्यांची पदके काढून घेण्यात आली आणि त्यांच्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली. वर उल्लेखिलेले ६७.५ किलो गटाचे सुवर्ण ३४० किलोंना मिळाले तेही अशाच अपात्रतेनंतर. मूळ विजेत्याने ३६२.५ किलो उचलले होते. सुलेमानोग्लू कोणत्याही चाचणीत दोषी आढळले नाहीत. त्यांच्या काळच्या चाचण्या आजच्याइतक्या सूक्ष्म नव्हत्या, हेही तितकेच खरे. मुतलू २००५ मध्ये दोषी आढळले व त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यांची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके मात्र त्याआधीची आणि अबाधित आहेत. तालाखाद्झे यांनीही कारकीर्दीच्या आरंभी, २०१३पासून, दोन वर्षांची बंदी भोगली होती. ऑलिंपिक यश त्यानंतरचे आहे.

सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती २००८ व २०१२च्या ऑलिंपिकमधील साठवलेले नमुने नव्या पद्धतीने पुन्हा तपासले गेले तेव्हा. कझाकस्तानचे इल्या इल्यिन या दोन्ही स्पर्धांचे सुवर्णविजेते होते आणि अनेक जण त्यांना सर्वकालीन श्रेष्ठांत गणत. २०१६ मध्ये त्यांची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. लंडन येथील त्यांच्या ९४ किलो गटातील पहिले चारही खेळाडू अपात्र ठरले. पाचवे आलेले इराणचे सईद मोहम्मदपूर सुवर्णविजेते झाले, आठवे आलेले दक्षिण कोरियाचे किम मिन-जे रौप्याचे आणि नववे आलेले पोलंडचे तोमाश झेलिन्स्की कांस्याचे मानकरी ठरले. त्या झेलिन्स्की यांनाही २०१६ मध्ये रिओतून उत्तेजकांच्या कारणावरून परतावे लागले. पदक वर्षांनंतर हाती आले तरी राष्ट्रगीत, प्रेक्षक आणि मंचावरील तो क्षण परत मिळत नाही. जे प्रामाणिकपणे खेळून नवव्या-दहाव्या क्रमांकावर राहिले आणि ज्यांची नावे कोणत्याही यादीत आली नाहीत, त्यांच्याबाबत हा वाद सहसा मौन पाळतो.

महिलांचे स्थान

वर आलेली सर्व नावे पुरुषांची आहेत. महिलांचे भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनी येथे आले. पुरुषांची स्पर्धा १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. म्हणजे तुलनेसाठी एका बाजूस शतकाहून अधिक काळ आणि दुसऱ्या बाजूस पाव शतक उपलब्ध आहे. तीन सुवर्णांचा टप्पा अद्याप कोणत्याही महिलेने गाठलेला नाही. चीनच्या चेन यांचिंग (२००४, २००८), होऊ झीहुई व ली वेनवेन (दोघीही २०२० व २०२४) आणि तैवानच्या श्यू शू-चिंग (२०१२, २०१६) यांची नावे दोन सुवर्णांसह घेतली जातात.

भारताची या खेळातील दोन्ही ऑलिंपिक पदके महिलांनी मिळवली आहेत. आंध्र प्रदेशच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी सिडनी येथे ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्य जिंकले. सुवर्ण व रौप्य विजेत्यांची बेरीज २४२.५ होती. मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी तोक्यो येथे ४९ किलो गटात २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवले. पॅरिसमध्ये १९९ किलोंवर त्या चौथ्या राहिल्या. कांस्यपदक २०० किलोंना मिळाले.

वजनगट आणि महाराष्ट्र

लोकपरंपरेत वजनगट नसतात. जेजुरीला दसऱ्याच्या वेळी खंडोबाचा सुमारे ४२ किलोंचा खंडा उचलण्याची स्पर्धा होते, तेव्हा सडपातळ आणि धिप्पाड सर्वांना एकच तलवार असते. गावोगावी तालमींत आणि मारुतीच्या देवळांपुढे दगडी गोटी उचलण्याची जी रीत होती, तिच्यातही गोटी सर्वांना सारखीच. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या नावाशी जोडलेल्या मारुती-उपासनेने बलोपासनेला धर्माचे अधिष्ठान दिले आणि या तालीम-संस्कृतीला बळ मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये जालना शहरात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा पटकावली. त्या किताबाचा गट ८६ ते १२५ किलोंचा असतो. म्हणजे लोकांच्या मनातील ‘सर्वांत मोठा मल्ल’ जड गटातूनच निवडला जातो. याउलट हेलसिंकी येथे १९५२ मध्ये, ज्या ऑलिंपिकमध्ये कोनो यांनी आपले पहिले सुवर्ण जिंकले, तेथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले होते. आजच्या नियमांनी त्यांना केसरी गटात उतरताही आले नसते.

महाराष्ट्रातील भारोत्तोलकांच्या बाबतीत हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड परिसरातून आलेल्या गणेश माळी (६२ किलो), ओंकार ओतारी (६९ किलो) आणि चंद्रकांत माळी (९४ किलो) या तिघांनी कांस्यपदके जिंकली. एका लहान गावाच्या आसपास एवढे यश एकाच स्पर्धेत मिळाल्याचे उदाहरण विरळा. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड यांनी २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिओन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात १५३ किलो (७० व ८३) उचलून सुवर्ण मिळवले. या स्पर्धेत अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

त्याच वर्षी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचे संकेत सरगर ५५ किलो गटात सुवर्णाच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले. त्यानंतरच्या प्रयत्नात कोपराला इजा झाली. तरीही ते तिसऱ्या प्रयत्नासाठी उतरले, आणि तोही फसला. २४८ किलोंसह त्यांना रौप्यपदक मिळाले. मलेशियाचे अनिक कसदान २४९ किलोंसह जिंकले. २००५पूर्वी वजने अडीच किलोंच्या पटीत वाढत. एका किलोने सुवर्ण हुकण्याचा प्रसंग त्या जुन्या नियमांत ओढवलाच नसता.

मात्र हर्षदा गरुड यांचा ४५ किलो गट आणि संकेत सरगर यांचा ५५ किलो गट, हे दोन्ही ऑलिंपिकमध्ये नाहीत. तोक्यो व पॅरिस येथे पुरुषांचा सर्वांत हलका गट ६१ किलो आणि महिलांचा ४९ किलो होता. हलील मुतलू यांनी आपली सुवर्णपदके ५४ आणि ५६ किलो गटांत मिळवली होती. ते आज उमेदीत असते तर त्यांनाही वजन वाढवून आपल्याहून थोराड खेळाडूंशी झुंजावे लागले असते, किंवा घरी बसावे लागले असते. रिओमध्ये भारोत्तोलनाची पंधरा सुवर्णपदके होती, तोक्योत चौदा आणि पॅरिसमध्ये दहा उरली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ही संख्या बारा करण्यात आली आहे, परंतु महिलांचा सर्वांत हलका गट ४९वरून ५३ किलोंवर नेण्यात आला आहे.